आखूड श्वासाची बोली

दोष थोरल्या गव्याचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या रानात नंतर जी चौकशी बसली तिने वारा, वाळकं गवत, एक मेलेली साळू आणि नव्या पिढीचे संस्कार अशा सगळ्यांना दोषी धरलं. गव्याचं नाव फक्त आभाराच्या ठरावात आलं.

रान एका खोलगट खोऱ्यात होतं. मधोमध गवताचं कुरण, उत्तरेला झाडीचं, गव्यांच्या वस्तीचं टेपाड आणि पश्चिमेला उभा काळा कडा. हा कडा बोलका होता. कुरणाच्या मध्यावर एक सपाट दगड होता, त्याला बोलशिळा म्हणत. तिच्यावर चढून कुणी काही म्हटलं की कडा ते उचलायचा आणि सगळ्या खोऱ्यावर फेकायचा. रानात कुणाला काही कळायचं ते असंच. कड्याचा नियम एकच होता. एका श्वासात मावेल तेवढंच तो उचलायचा. बोलणाऱ्याने मध्ये दम घेतला की पुढचे शब्द हवेत विरून जायचे.

नियम सगळ्यांना सारखा होता. छात्या सारख्या नव्हत्या. गवा एका श्वासात स्वतःची वंशावळ सांगायचा, यंदाच्या पावसावर मत द्यायचा आणि वर दोन सुविचार ऐकवायचा. सशाचा श्वास पाच आखूड शब्दांत संपायचा. लावा पक्ष्याला तीन शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी.

त्यात एक प्रथा होती. शिळेवर चढणाऱ्याने आधी वंदन करायचं. "टेपाडावरच्या वनवृद्धांना, शिंगश्रेष्ठांना, आमच्या वाटा आपल्या पावलांनी रुळवून देणाऱ्या पूज्य पूर्वजांना नम्र वंदन करून सांगतो की." या 'की'नंतर जे सांगायचं ते सांगायचं. प्रथा गव्यांनी पाडली होती आणि त्यांना 'की'पर्यंत पोचायला काहीच पडत नसे. ससे 'शिंगश्रेष्ठांना'च्या पुढे कधी गेले नाहीत. सशांच्या कित्येक पिढ्यांनी त्या कड्यावरून फक्त अर्धवट वंदन केलं आणि त्या मेल्या. गवे आपसात म्हणत, "ससे नम्र आहेत हो फार. पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं."

टेपाडाच्या पायथ्याशी पाठशाळा होती. तिथे सांबर गुरुजी लहान जनावरांना वंदन शिकवत. शिकवणं म्हणजे एवढंच, की श्वास भरायचा आणि वंदन म्हणायचं. अडलं तर पुन्हा. दाभण नावाचा एक साळिंदर तिथे तीन पावसाळे होता. हुशार होता, पण 'पूज्य'पाशी त्याचे डोळे फिरायचे. एकदा तो सगळ्यांदेखत कोसळला. गुरुजींनी त्याला खुराने उलथा केला आणि म्हणाले, "तुझा श्वास कमी नाही रे, श्रद्धा कमी आहे."

"श्रद्धा भरपूर आहे, गुरुजी. छातीच एवढीशी आहे," दाभण म्हणाला, आणि अंग झटकून चालता झाला. तो परत गेला नाही. गुरुजींनी त्याचं उदाहरण पुढे कित्येक वर्षं वर्गात सांगितलं. वाया गेलेल्यांच्या यादीत त्याचा पहिला नंबर होता.

दाभणाच्या पाठची बहीण सुई. आईबाप उरले नव्हते. कुरणाच्या कडेच्या बिळात ही दोघंच राहायची. सुई पाठशाळेत गेलीच नव्हती, त्यामुळे तिला वंदन येत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. एका सकाळी लाव्यांची पिलं उघड्यावर दाणे टिपत होती आणि वर ससाणा घिरट्या घालत होता. सुई धावत शिळेवर चढली आणि एकच शब्द ओरडली, "खर!"

त्या शब्दाला तोवर काही अर्थ नव्हता. पण कड्याने तो असा काही फेकला की सगळं कुरण दचकून वर बघायला लागलं, आणि पिलं झुडपात शिरली. त्या दिवसापासून 'खर' म्हणजे वरून धोका.

मग शब्द येतच गेले. 'टुप' म्हणजे पाणी सापडलंय, या. 'लाल' म्हणजे वणवा. लहान श्वासात मावणारी, वंदनाला फाटा देणारी एक बोलीच कुरणात उभी राहिली. ती कुणी शिकवली नाही. पिलं अंड्यातून बाहेर आली की चौथ्या दिवशी बोलायला लागायची. तिच्यात थट्टाही होती, कारण थट्टेशिवाय कुठली बोली जगते? 'भप' हा शब्द सुईनेच काढला. कुणी वडीलधारं शिळेवर चढून बोलायला लागलं की कुरणात एकमेकांना सांगायचं, "भप चाललंय, नंतर या." संपल्यावर कुणीतरी विचारायचं, "भप झालं का?" आणि ससे पोट धरून लोळायचे.

दाभणाला बोलण्यापेक्षा करण्याची हौस. त्याने आपला एक काटा उपटला, आतून पोखरला, त्याला बोरूची कांडी जोडली आणि नळी केली. नळीतून बोललं की लाव्याचा चिमूटभर श्वाससुद्धा वाया न जाता थेट कड्यावर आपटायचा. मग त्याने भोपळा केला. वाळलेला रानभोपळा, त्याच्या तोंडाशी काट्याची चिरफळी. त्यात एकदा बोलून ठेवलं आणि शिळेजवळच्या बाभळीला टांगलं, की वारा सुटला की भोपळा तेच पुन्हा पुन्हा म्हणायचा. ज्याला पाणी सापडलं त्याने दिवसभर शिळेवर उभं राहून घसा फोडायला नको. 'टुप, वळणाला' एवढं भोपळ्यात घालायचं आणि आपण पाणी प्यायला जायचं. दाभण या वस्तू मागेल त्याला करून द्यायचा. प्रत्येक वस्तूला एक काटा जायचा. सुई म्हणायची, "दादा, अशाने टकला होशील."

"होऊ दे. डोक्यात आहे ना?"

"तिथेही भोपळाच आहे."

टेपाडावर या सगळ्याला खेळणी म्हणत. सांबर गुरुजी तर म्हणाले, "श्रम नकोत, साधना नको, सगळं आयतं हवं. वारा बोलतो म्हणे! मग तुम्ही कशाला जन्माला आलात?" हे त्यांनी सोमवारी म्हटलं आणि गुरुवारी दाभणाला एकटं गाठून एक भोपळा मागितला. "मोठा बघ जरा. माझं वाक्य मोठं असतं."

गुरुजींकडे आहे म्हटल्यावर गव्यांनाही हवा झाला. महिन्याभरात अठरा गव्यांचे अठरा भोपळे बाभळीवर आले. आणि या अठरा थोरांनी, ज्यांचे श्वास नदीएवढे होते, त्यांनी त्यात घातलं काय? "मंगल प्रभात. वनात सर्व कुशल आहे." अठराही जणांनी तेच, शब्दाचा फरक नाही. वारा सुटला की पहाटेपासून भोपळे सुरू. वनात सर्व कुशल आहे. वनात सर्व कुशल आहे. दुष्काळात लाव्यांची अर्धी वीण मेली तेव्हाही कुशल होतं. बाभळीला फांद्या कमी पडायला लागल्या तेव्हा कुरणातल्यांचे पाण्याचे भोपळे काढून खाली ठेवले गेले. सांबर गुरुजी म्हणाले, "वडिलांना जागा द्यावी, एवढंही शिकवायचं का?"

इथवर चाललं असतं. कुरणातली जनावरं सोसायला सरावलेली होती. पण एके दिवशी थोरला गवा पाणवठ्यावर आला आणि त्याने सशाला विचारलं, "काय रे, हे 'भप' म्हणजे काय? मी बोलायला लागलो की तुम्ही पोरं सारखं म्हणता ते."

ससा घाबरला. "काही नाही आबा. ते आपलं… आदराने म्हणतात."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

"आणि त्याचा अर्थ?"

सशाने खोटं रचायला सुरुवात केली, पण श्वास पुरेना. त्याच्या तोंडून अर्धं खोटं आणि अर्धं हसू बाहेर पडलं. गव्याला अर्थ कळला.

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. राग येतो, शिंग आपटतं, संपतं. त्याचा अपमान झाला होता, आणि त्या वयात त्या आकाराच्या प्राण्याचा अपमान पाण्यासारखा वाहून जात नाही, साचतो. दुसऱ्याच दिवशी टेपाडावर सभा झाली. विषय होता, वनभाषेचा ऱ्हास. 'भप' हा शब्द सभेत कुणीही उच्चारला नाही. पण ठराव झाला की ज्या साळूने ही बोली काढली तिला बोलशिळेवर पाय ठेवायला बंदी.

दाभण टेपाडावर गेला. तिथे जायला त्याला आवडत नव्हतं, पण गेला. शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, तिला बोलू द्या. ती बघत असते, म्हणून कुरण जगतं. ससाण्याचं कोण सांगणार?"

थोरला गवा रवंथ करत होता. त्याने सावकाश गिळलं आणि म्हणाला, "तू शाळा सोडलीस ते सोड. पण हात आहे तुझा, हे मी गुरुजींनाही म्हटलं. मग असं कर की. तिला बोलू दे. खुशाल बोलू दे. आम्हाला ऐकू येऊ नये, एवढं काहीतरी बनव."

"म्हणजे?"

"म्हणजे चाळणी. कानात बसेल अशी. लांब, सभ्य बोलणं आत यावं. हे आखूड, टोचरं जे आहे ते बाहेर राहावं. मग आम्हाला त्रास नाही, तुमची बंदी नाही. सगळ्यांचा मान राहतो."

दाभणाने विचार केला. तो तरुण होता आणि त्याला वाटलं, हा फायद्याचा सौदा आहे. बंदी उठते, सुईला शिळा मिळते. वरच्यांनी ऐकलं काय न ऐकलं काय, ते उठून कधी आले होते? पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि ती त्याच्या ध्यानात आली हे विसरू नये.

टेपाडावर एक झरा होता. त्याच्या मुखाशी मोठी धोंड होती. कुरणात वणवा लागला की गव्यांनी कपाळं लावून ती धोंड ढकलायची; अडलेलं पाणी नाल्याने खाली धावायचं, कुरणात पसरायचं, आणि आग तिथेच थांबायची. ती धोंड गव्यांखेरीज कुणाला हलत नव्हती. आजवर दोनदा तसं झालं होतं. दोन्ही वेळा गव्यांना हाक ऐकू गेली म्हणून झालं होतं.

"आबा," दाभण म्हणाला, "चाळणीत 'लाल'पुरतं भोक ठेवतो."

"अजिबात नको. एकाला भोक ठेवलं की त्यातून सगळेच येतात. वणव्याला वणवा म्हणा. पूर्ण म्हणा, रीतसर म्हणा, येईल आत."

"रीतसर म्हणायला आमच्याकडे श्वास नाही, आबा."

गवा मोठेपणाने म्हणाला, "बरं. एक गवा रोज उघड्या कानाने बसेल. पाळीपाळीने. चाळणी न घालता. झालं समाधान? हा माझा शब्द."

दाभणाने विश्वास ठेवला. त्याने ही गोष्ट घरी येऊन सुईला सांगितली, तेव्हा ती मुळं कुरतडत बसली होती.

"म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं नाही," ती म्हणाली. "हे आधीपासून होतंच ना दादा? त्यासाठी तू काटे कशाला उपटतोस?"

"एक जण उघड्या कानाने बसणार आहे. आबांनी शब्द दिलाय."

"कोणता शब्द? लांब की आखूड?"

"सुई, टोचू नकोस. तुला शिळा मिळाली ना?"

"मिळाली बाबा. मोठा आलास उपकार करणारा." पण ती खूश होती. तिने शेपटीचे काटे खुळखुळवले आणि सगळ्यांत कोवळं मूळ त्याच्याकडे सरकवलं.

चाळण्या उत्तम झाल्या. हे त्याचं दुर्दैव. बारीक काटे, गवताची कुसळं, बाभळीचा डिंक. आखूड, टोकदार आवाज कुसळांत अडकायचा. लांब, गोल आवाज अलगद आत जायचा. गव्यांनी कानात घातल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की बघत राहावं. खाली कुरण होतं की नव्हतं, त्यांना पत्ता राहिला नाही. एकमेकांचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू यायचं. "किती वर्षांनी वनात शांतता आली," ते एकमेकांना सांगायचे आणि माना डोलवायचे. पाळीचा एक गवा उघड्या कानाने कडेला बसायचा आणि त्याला बाकीचे थोडं हसायचे.

वैशाखात टेपाडावर सत्कार ठरला. वनभाषेच्या रक्षणासाठी थोरल्या गव्याचा. वशिंडावर घालायला फुललेल्या वेलीची शाल, मानचिन्ह म्हणून एक कवठ, आणि सांबर गुरुजींनी रचलेलं मानपत्र. दाभणाला आमंत्रण होतं. 'होतकरू कारागीर' म्हणून त्यालाही पान-फूल मिळणार होतं. सुई म्हणाली, "जा. तुला एकदा तरी त्यांनी वर बोलावलं. मी आहे इथे."

तो गेला. सभा वडाच्या सावलीत भरली होती, कुरणाकडे सगळ्यांची पाठ. थोरला गवा तेवढा कुरणाकडे तोंड करून उभा, पण बोलताना डोळे मिटायची त्याला सवय होती. सोहळा सुरू होण्याआधी त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कडेला बसलेल्या पाळीच्या गव्यावर थांबली.

"हा असा काय बसलाय? सगळे चाळणी घालून, आणि हा एकटा मोकळा. बरं दिसतं का? आज तरी घाल."

पाळीचा गवा म्हणाला, "पण आबा, मग खाली कोण—"

"एका दुपारीने काय होतंय? सोहळा कशासाठी आहे, आणि तू त्यातच उघड्या कानाने? लोक काय म्हणतील?" मग दाभणाकडे वळून, हसून, "आणि कारागिरालाही एक द्या. त्याने केलेली त्यालाच नको की काय?"

पाळीच्या गव्याने चाळणी घातली. दाभणानेही घातली. त्याला आबांच्या शब्दाची आठवण करून द्यायची होती, पण पहिल्यांदाच ती सगळी मोठी जनावरं त्याच्याकडे बघून हसत होती. चाळणी कानात बसली आणि कुरण गेलं.

वणवा कुरणाच्या टेपाडाकडच्या कडेला लागला. कसा, ते कुणाला कळलं नाही. वैशाखात लागायला फार काही लागत नाही. वारा टेपाडाकडून खाली वाहत होता. त्यामुळे धूर वर गेला नाही आणि आग पळत सुटली ती थेट कुरणाच्या पोटात. गवतात लाव्यांची घरटी होती. पिलांना अजून पंख फुटले नव्हते. ती उडू शकत नव्हती, पळू शकत नव्हती. त्यांना फक्त पाणी वाचवू शकत होतं.

सुई शिळेवर चढली. "लाल!"

कड्याने तो शब्द उचलला आणि सगळ्या खोऱ्यावर फेकला. बाभळीवरच्या भोपळ्यांना त्याच वाऱ्याने जोर चढला होता. वनात सर्व कुशल आहे. "लाल! लाल!" मंगल प्रभात. वनात सर्व कुशल आहे. ज्यांना पाय होते ती जनावरं पळाली. ससा शिळेपाशी थांबला आणि म्हणाला, "सुई, चल!"

"पिलं आहेत. पाणी सुटल्याशिवाय काही खरं नाही. तू वर पळ, सांग त्यांना."

"तुझं ऐकू येतंय की त्यांना. एक जण मोकळ्या कानाचा असतो ना?"

"असतो. दादाही आहे वर. येईल पाणी. पण तू जा."

ससा आगीला वळसा घालून टेपाडावर पोचला तेव्हा मानपत्राचं वाचन चाललं होतं. तो सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला आणि जीव तोडून ओरडला. गव्यांना एक ससा तोंड उघडताना आणि मिटताना दिसला. सांबर गुरुजींनी वाचताना थांबून त्याला खुराने बाजूला व्हायची खूण केली. कुणीतरी म्हणालं, "शुभेच्छा द्यायला आलाय वाटतं."

दाभणाने ते तोंड बघितलं. त्या तोंडाचा आकार त्याला माहीत होता. त्याने चाळणी ओरबाडून काढली, आणि कड्यावरून येणारा बहिणीचा आवाज त्याच्या कानात शिरला.

"लाल! आबा, लाल! धोंड!" तो किंचाळला. आखूड शब्द होते. एकही आत गेला नाही. चाळण्या उत्तम झाल्या होत्या. त्याला ते कळलं आणि त्याने ते केलं जे करायचं नाही म्हणून त्याने शाळा सोडली होती. त्याने छाती भरली. "टेपाडावरच्या वनवृद्धांना, शिंगश्रेष्ठांना, आमच्या वाटा आपल्या पावलांनी रुळवून देणाऱ्या पूज्य—" श्वास संपला.

गव्यांनी हे स्वच्छ ऐकलं. त्यांनी कौतुकाने माना हलवल्या. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने पुन्हा छाती भरली, या वेळी नुसतंच लांबवायला, "कुरणाच्या कडेला सकाळपासून वाळलेल्या गवतामध्ये—" आणि धावून आल्यासारखा दम लागून वाक्य मध्येच तुटलं. "बस, बस," थोरला गवा डोळे न उघडता म्हणाला. "भावना पोचल्या, पोरा."

मग दाभणाने एक काटा उपटला आणि गव्याच्या नाकात खुपसला.

गवा डुरकला, मान झटकली, चाळणी उडून पडली. इतर गवे दाभणावर धावले. एकाच्या लाथेने तो वडाच्या मुळाशी जाऊन आपटला. पण गव्याचे कान आता उघडे होते आणि डोळेही.

"लाल! लाल!" कडा म्हणत होता. आवाज घोगरा झाला होता.

"हे काय ओरडतेय ती?" गव्याने विचारलं.

"वणवा, आबा!" दाभण मुळाशी पडल्या पडल्या म्हणाला. "लाल म्हणजे वणवा!"

"मग वणवा म्हणायला काय झालं होतं?"

त्यानंतर गव्यांनी धोंड ढकलली. ती ढकलायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. अठरा कपाळं होती. पाणी नाल्याने खाली धावलं, कुरणात पसरलं, आणि अर्धं कुरण वाचलं. वाचलेल्या अर्ध्यात लाव्यांची बरीच घरटी होती. बोलशिळा दुसऱ्या अर्ध्यात होती. पाणी पोचायच्या थोडं आधी कडा गप्प झाला होता.

सुई शिळेवरच सापडली. कड्याकडे तोंड करून.

चौकशी पाच दिवस चालली. वारा चुकीच्या दिशेला होता असं ठरलं. गवत वेळेवर चरलं गेलं नव्हतं असं ठरलं. नव्या पिढीवर नीट संस्कार झाले नाहीत असं ठरलं. मयत साळूने धोक्याची सूचना मान्य शब्दात दिली नाही, त्यामुळे बचावकार्याला विलंब झाला असंही ठरलं. पाळीच्या गव्याला त्या दिवशी चाळणी कुणी घालायला लावली, हा प्रश्न दाभणाने विचारला. त्याला सांगण्यात आलं की तो दुःखात आहे. शेवटी गव्यांनी धोंड ढकलून कुरण वाचवल्याबद्दल थोरल्या गव्याच्या आभाराचा ठराव झाला.

आणि असं पुन्हा घडू नये म्हणून वणव्याची अधिकृत सूचना तयार करायचं काम सांबर गुरुजींवर सोपवण्यात आलं. त्यांनी ती चार दिवसांत केली. "टेपाडावरच्या वनवृद्धांना, शिंगश्रेष्ठांना, आमच्या वाटा आपल्या पावलांनी रुळवून देणाऱ्या पूज्य पूर्वजांना नम्र वंदन करून, आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागून, अत्यंत खेदाने सांगतो की कुरणात वणवा लागला आहे." कुरणातल्या प्रत्येक पिलाला ती पाठ असलीच पाहिजे, असा नियम झाला.

आता रोज सकाळी जळलेल्या कुरणात पाठशाळा भरते. लाव्यांची पिलं, सशांची पिलं, उंदरांची पिलं राखेत रांगेने उभी राहतात. ही तीच पिलं, जी पाण्याने वाचली. गुरुजी खूण करतात. पहिलं पिलू छाती फुगवतं, म्हणायला लागतं, 'शिंगश्रेष्ठांना'पाशी त्याचे डोळे फिरतात आणि ते राखेत पडतं. मग दुसरं. मग तिसरं. कुणीही अजून 'वणवा'पर्यंत पोचलेलं नाही. ऊन चढेपर्यंत सगळी रांग आडवी झालेली असते, आणि गुरुजी तिच्यामधून सावकाश चालत खुराने एकेकाला उलथं करत म्हणत जातात, "पुन्हा."

थोरल्या गव्याच्या नाकाची जखम आठ दिवसांत भरली. दाभणाला एकच बहीण होती. ती गेली.